इतका चांगला, तर अजून इथे कसा?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात घड्याळ उलटं चालतं. फलकावर ४५:०० दिसतात आणि आकडे उतरत जातात. गोल झाला, कुणाला कार्ड दाखवलं, कुणी जायबंदी होऊन पडलं की पंच घड्याळ थांबवायला लावतो. शेवटची दहा सेकंदं ध्वनिवर्धकावरून मोजली जातात, शून्यावर भोंगा वाजतो आणि खेळ तिथल्या तिथे संपतो. चेंडू गोलरेषेच्या वीतभर अलीकडे असला तरी संपतो. (फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा. हेल्मेट घालून खेळायच्या त्यांच्या फुटबॉलशी या लेखाचा संबंध नाही.)

बदली खेळाडूंचा नियमही वेगळाच. जगभर एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यापुरता बादच होतो. कॉलेजात दुसऱ्या सत्रात बाहेर बसवलेला खेळाडू एकदा परत आत येऊ शकतो, आणि पहिल्या सत्रात बाहेर गेलेला दुसऱ्या सत्रात पुन्हा खेळू शकतो. त्यामुळे तिथला प्रशिक्षक आघाडीच्या पोरांना वीस-पंचवीस मिनिटं जीव तोडून पळायला लावतो, मग दम खायला बसवतो आणि ताज्या दमाचे दुसरे दोघे सोडतो. समोरचाही तेच करतो. असा सामना पाहताना पहिली पंधरा मिनिटं वाटतं, काय वेग आहे! मग लक्षात येतं की वेग पायांना आहे, चेंडूला नाही. चेंडू बऱ्याचदा हवेतच असतो.

स्टँडमध्ये वही घेऊन बसलेल्या स्काउटची अडचण इथूनच सुरू होते. व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरायला तो आलेला असतो. समोरचा मुलगा सलग नव्वद मिनिटं खेळला तर त्याचं काय होईल, हे या सामन्यातून कळत नाही. हंगामही आखूड, ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. तेवढ्यात वीसेक सामने उरकायचे, म्हणजे आठवड्याला बहुधा दोन. मंगळवारी दिसलेला मुलगा शुक्रवारी थकलेला असतो. तो थकलेला आहे की मुळातच तेवढा आहे, हे त्या एका संध्याकाळी ठरवायचं असतं.

हे सगळं ज्यासाठी चालतं तो मेजर लीग सॉकरचा सुपरड्राफ्ट. लीग १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून कॉलेजच्या खेळाडूंची वाटणी होतेच आहे; २००० पासून तिला हे भारदस्त नाव मिळालं. पद्धत अमेरिकेतल्या बाकी खेळांसारखीच. आदल्या हंगामात मागे राहिलेला संघ आधी निवडतो, विजेता शेवटी, आणि लीगमध्ये नवा संघ आला तर बहुधा त्याला सगळ्यांच्या पुढे मान. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण इथे बोली नसते. खेळाडूची किंमत कुणी पुकारत नाही. त्याच्याशी बोलणी करण्याचा एकट्याचा हक्क तेवढा संघाला मिळतो. करार पुढे होईल, कदाचित होणारही नाही. नाव पुकारल्यावर व्यासपीठावर गळ्यात मफलर घालून फोटो काढून घेतलेली कित्येक मुलं फेब्रुवारीतल्या सराव शिबिरानंतर घरी परतली आहेत.

या ड्राफ्टची सर्वात गाजलेली सकाळ १६ जानेवारी २००४ ची. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात सगळे कॅमेरे एका चौदा वर्षांच्या मुलावर रोखलेले होते. फ्रेडी अडू त्याचं नाव. घानात जन्मलेला, मेरिलँडमध्ये वाढलेला. त्याचा कॉलेजशी काही संबंध नव्हता. लीगने त्याच्याशी आधीच करार केला होता आणि घराजवळच्या डीसी युनायटेडकडे तो जाईल याची व्यवस्थाही झाली होती. पहिलं नाव त्याचंच पुकारलं गेलं. आणखी सहा नावं झाल्यावर, आठव्या क्रमांकावर, न्यू इंग्लंड रिव्होल्यूशनने फर्मन विद्यापीठाचा क्लिंट डेम्प्सी घेतला. पुढची गोष्ट फुटबॉलवाल्यांना पाठ आहे. अडू अमेरिकेकडून १७ सामने खेळला आणि देशोदेशींचे क्लब फिरून विझला. डेम्प्सी त्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढे इंग्लंडमध्ये फुलहॅमकडून गाजला, तीन विश्वचषकांत त्याने गोल केले आणि अमेरिकेकडून ५७ गोल करून लँडन डोनोव्हनच्या विक्रमाशी बरोबरी केली.

ही जोडी ड्राफ्टच्या थट्टेसाठी नेहमी वापरली जाते. मला त्यात थट्टेपेक्षा दुसरंच काही दिसतं. टेक्सासच्या नॅकोग्डोचेस गावात डेम्प्सी वाढला, तेही ट्रेलरच्या घरात. मेक्सिकोहून आलेल्या मोठ्या माणसांच्या स्थानिक सामन्यांत तो खेळायला शिकला. चांगला क्लब होता डॅलसला, गाडीने तीन तासांवर. म्हणजे तो आठव्या क्रमांकापर्यंत उरला याचं कारण त्याच्या पायांत नव्हतं, पत्त्यात होतं. स्काउटला हेच ओळखता यावं लागतं. कॉलेजचा खेळाडू चांगला दिसला की दुसरा प्रश्न लगेच विचारायचा: इतका चांगला आहे, तर अजून इथे कसा?

हा प्रश्न आज तर अधिकच टोकदार झाला आहे. २००८ च्या सुमारास लीगने ‘होमग्रोन’ नियम आणला. संघाने आपल्या अकादमीत वाढवलेल्या मुलाशी ड्राफ्टशिवाय थेट करार करता येतो. मुलगा मध्ये कॉलेजात गेला तरी त्याच्यावरचा हक्क संघाकडेच राहू शकतो. जॉर्डन मॉरिसने २०१५ मध्ये स्टॅनफर्डला विद्यापीठांचं विजेतेपद मिळवून दिलं, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हर्मन ट्रॉफीही घेतली, आणि ड्राफ्टकडे न बघता २०१६ मध्ये आपल्या गावच्या सिअ‍ॅटल साउंडर्समध्ये दाखल झाला. सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्यांचं तेज दिसलं ती मुलं कॉलेजची पायरी चढण्याआधीच उचलली जातात. ड्राफ्टच्या यादीत येतात ते या चाळणीतून खाली पडलेले. त्यांच्यापैकी बहुतेक योग्य कारणाने पडलेले असतात. काही मात्र अशा कारणाने, ज्याचा खेळाशी संबंध नाही, किंवा होता पण आता उरलेला नाही. स्काउटचा पगार या दुसऱ्या गटासाठी असतो.

कारणं किती तऱ्हांची असतात ते पाहण्यासारखं आहे. जर्मनीचा युलियन ग्रेसल आपल्या देशातल्या खालच्या पातळीवरच्या फुटबॉलमधून शिक्षणासाठी प्रॉव्हिडन्स कॉलेजात आला. २०१७ मध्ये अटलांटा युनायटेडने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच, आणि पुढच्या वर्षी लीगचं विजेतेपदही. जॅक हॅरिसन तर मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला. अकादमीतल्या बहुतेक पोरांचं पुढे काहीच होत नाही हे ओळखून त्याच्या आईने त्याला चौदाव्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या निवासी शाळेत धाडलं. वेक फॉरेस्ट विद्यापीठात एक हंगाम खेळून २०१६ मध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला आला. शिकागोने निवडला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क सिटीला देऊन टाकला. ‘अजून इथे कसा’ याचं असं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. आईचा निर्णय, आणि तोही शहाणा.

पॅट्रिक अ‍ॅजेमांगचं उत्तर शोधायला जास्त खोदावं लागलं असतं. तो कनेटिकटच्या ईस्टर्न कनेटिकट स्टेटमध्ये खेळत होता, म्हणजे तिसऱ्या विभागात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत. तिथून ऱ्होड आयलंड विद्यापीठात, तिथून २०२३ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर शार्लट एफसीत. उंच, रुंद, वेगवान; पण शरीर आणि समज एकाच वर्षी हातात हात घालून आलेली नव्हती. २०२५ उजाडलं तेव्हा तो अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात होता आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या डर्बी काउंटीत.

गोलकीपरच्या बाबतीत तर उशीर हाच नियम. मॅट टर्नर सोळाव्या वर्षापर्यंत फुटबॉलकडे गंभीरपणे वळलेलाच नव्हता. फेअरफील्ड विद्यापीठाकडून खेळताना २०१३ मध्ये बारला लागून वर उडालेला चेंडू झेलताना त्याच्याच हातून जाळ्यात गेला, आणि ते दृश्य क्रीडावाहिनीने देशभर हसण्यासाठी दाखवलं. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी घेतलं नाही. न्यू इंग्लंडने त्याला सरावाला बोलावून पाहिलं आणि ठेवून घेतलं. २०२१ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम गोलकीपर झाला, पुढच्या वर्षी आर्सेनलमध्ये गेला आणि कतारच्या विश्वचषकात अमेरिकेच्या चारही सामन्यांत गोलपोस्टमध्ये उभा राहिला. त्याला न निवडणारे सगळेच आंधळे होते असं मी म्हणणार नाही. कॉलेजच्या आकड्यांवरून तो निवडण्यासारखा नव्हताच. सरावात रोज त्याच्यावर फटके मारून पाहिल्याशिवाय त्याच्या हातांची चपळाई दिसली नसती.

मग मैदानात पाहायचं काय? सर्वात मोठा फसवा आकडा गोलांचा. देशात पहिल्या विभागातच दोनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि त्यांच्यातलं अंतर प्रचंड. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये क्लेम्सन, व्हर्जिनिया, वेक फॉरेस्ट एकमेकांशी भिडतात; तिथला एक गोल आणि लहान कॉन्फरन्समधल्या शेवटच्या संघाला मारलेला तिसरा गोल एका रकान्यात लिहिले तरी एका तोलाचे नसतात. पॅट्रिक मलिन्सने २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षं हर्मन ट्रॉफी जिंकली. व्यावसायिक संघांनी त्याला अकराव्या क्रमांकापर्यंत थांबवलं, आणि त्याची पुढची कारकीर्द पाहता ते बरोबर होते. उलट क्रेटन विद्यापीठाच्या डंकन मॅग्वायरने २०२२ मध्ये देशात सर्वाधिक २३ गोल केले, सहाव्या क्रमांकावर ऑर्लँडोने घेतला आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये १३ गोल करून त्याने आकड्यांची लाज राखली. दोघांच्या कॉलेजच्या आकड्यांत फारसा फरक नव्हता. फरक होता गोल कसे आले त्यात. मॅग्वायरचे गोल बचावपटूच्या अंगावर जाऊन, चेंडू येण्याआधी जागा पकडून झालेले होते. जागा पकडायची ती खोड वरच्या पातळीवरही टिकते. कमजोर बचावपटूला नुसत्या वेगाने मागे टाकण्याचं कसब टिकत नाही, कारण वर कमजोर बचावपटू कमी भेटतात.

म्हणून मुरलेला माणूस चेंडूकडे कमी पाहतो. चेंडू दुसऱ्याच्या पायात असताना आपला मुलगा काय करतोय, हे तो पाहतो. पास यायच्या आधी त्याने खांद्यावरून मागे किती वेळा पाहिलं? अंग कोणत्या बाजूला वळवून चेंडू घेतला? पहिला टच पुढे पडला की पायाखाली अडकला? पास चुकल्यावर हात झटकत उभा राहिला, की त्याच क्षणी उलटा पळाला? हे चार प्रश्न कॉलेजच्या धावपळीतही विचारता येतात, कारण त्यांची उत्तरं प्रतिस्पर्ध्याच्या दर्जावर फारशी अवलंबून नसतात. आता चित्रफितींच्या सेवांमुळे कुठल्याही विद्यापीठाचा सामना घरी बसून पाहता येतो, पण कॅमेरा चेंडूमागे फिरतो. खांद्यावरून मागे पाहणारा मुलगा बऱ्याचदा चौकटीबाहेर असतो. त्यासाठी अजूनही विमानाचं तिकीट काढावं लागतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार मनोरंजक वाटते: कॉलेजात मुलगा ज्या जागी खेळतो ती त्याची जागा असेलच असं नाही. विद्यापीठाचा प्रशिक्षक सर्वात चांगल्या खेळाडूला सहसा पुढे किंवा मध्ये खेळवतो, कारण त्याला या शनिवारचा सामना जिंकायचा असतो. ब्रँडन बाय वेस्टर्न मिशिगनमध्ये गोल करत होता; न्यू इंग्लंडने २०१८ मध्ये आठव्या क्रमांकावर घेऊन त्याला उजव्या बाजूचा बचावपटू केला आणि तो तिथे वर्षानुवर्षं खेळला. अ‍ॅलिस्टर जॉन्स्टन वेक फॉरेस्टच्या मधल्या फळीत खेळायचा. २०२० मध्ये अकराव्या क्रमांकावर नॅशव्हिलने निवडून मागे खेळवला, आणि दोन वर्षांत तो कॅनडाकडून विश्वचषकात होता, पुढे सेल्टिकमध्ये. जेफ कॅमेरॉनला ह्यूस्टनने २००८ मध्ये ४२ व्या क्रमांकावर उचललं. मधल्या फळीतून मागे येत तो स्टोक सिटीचा बचावपटू झाला. निवड करणाऱ्यांनी या तिघांत एक खेळाडू पाहिला आणि त्याच्या जागी दुसऱ्याची कल्पना केली.

कल्पना फसतेही. अँड्र्यू वेंगर ड्यूक विद्यापीठात आधी बचावपटू होता. तिसऱ्या वर्षी त्याला पुढे आणलं, त्याने १७ गोल केले, हर्मन ट्रॉफी मिळाली, आणि २०१२ मध्ये माँट्रियलने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं ते स्ट्रायकर म्हणून. काही वर्षं या संघातून त्या संघात फिरून तो बाजूला झाला. बचावातच राहिला असता तर? हा प्रश्न अमेरिकेतले जुने प्रशिक्षक अजूनही चघळतात.

ॲक्रन विद्यापीठाचं २०११ चं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं. केलेब पोर्टर तिथे प्रशिक्षक होता. त्याचा संघ जमिनीवरून, छोट्या पासांनी खेळायचा, आणि कॉलेजच्या हवाई फुटबॉलमध्ये ते दृश्य इतकं दुर्मीळ होतं की २०१० चं विजेतेपद जिंकल्यावर ड्राफ्टमध्ये पहिल्या आठांतली पाच नावं ॲक्रनची निघाली. त्यांतला डार्लिंग्टन नॅगबी, दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने घेतलेला, खरोखरच असामान्य होता. त्याने तीन वेगवेगळ्या संघांकडून मिळून चार वेळा लीग जिंकली. पेरी किचन, झारेक व्हॅलेंटिन यांनी चांगला संसार केला. पण पाचही जण तेवढ्या उंचीचे नव्हते. पोर्टरच्या पद्धतीत प्रत्येकाला पास देण्यासाठी शेजारी कुणीतरी मोकळा असायचाच. त्यातला किती भाग खेळाडूचा आणि किती शेजाऱ्याचा, हे वेगळं काढणं कुणालाही जमलं नाही. पोर्टर मात्र पुढे पोर्टलंडला गेला, मग कोलंबसला, आणि दोन्ही ठिकाणी नॅगबीला घेऊन जिंकला. आपल्या पाचांतला कोणता खरा, हे त्याला माहीत होतं.

अनेक वर्षं या गोंधळावर उतारा म्हणून जानेवारीत फ्लोरिडात ‘कंबाइन’ भरायचं. साठेक मुलांना बोलावून उभी उडी, ३० मीटर धाव, वळून धावण्याची चाचणी असं सगळं मोजायचे, मग त्यांचे तीन-चार संघ करून आपसांत सामने लावायचे. डिसेंबरपासून सामना न खेळलेली, परस्परांची नावंही धड ठाऊक नसलेली बावीस मुलं, प्रत्येकाला स्वतःला दाखवायचं, म्हणून पास कुणी कुणाला देईना. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातला पोह्यांचा बेत पाहून सुनेच्या स्वयंपाकाचा अंदाज बांधावा तसला हा प्रकार. तरी लोक फसत राहिले, कारण उडीचा आकडा वहीत लिहिता येतो. ते कंबाइन आता बंद झालंय.

अशा मोजता येणाऱ्या गोष्टींत अंगकाठी फार भाव खाते. ख्रिस्तियन रोल्डान हायस्कूलमध्ये देशातला सर्वोत्तम मुलगा ठरला होता, वॉशिंग्टन विद्यापीठात दोन वर्षं चमकला, पण उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये तो घसरत सोळाव्या क्रमांकावर आला तेव्हा सिअ‍ॅटलने अदलाबदल करून ती जागा मिळवली आणि त्याला घेतला. विद्यापीठाच्याच शहरातल्या या संघाने त्याला रोज पाहिलेला होता, एवढाच काय तो फरक. इतरांनी तो दोन-तीनदा पाहिला आणि टेपने मोजला.

पायांइतकंच वजन कागदांना असतं, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. लीगमधल्या प्रत्येक संघाला परदेशी खेळाडूंच्या मूळ आठ जागा. त्यांची आपसांत देवघेव चालते. मोठे संघ त्या दक्षिण अमेरिकेतल्या, युरोपातल्या तयार खेळाडूंसाठी राखून ठेवतात. आता कॉलेजचे संघ पाहा. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्शल विद्यापीठाने २०२० च्या हंगामाचं (कोव्हिडमुळे ते २०२१ च्या वसंतात खेळलं गेलं) विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांच्या संघात बहुसंख्य मुलं परदेशी होती. वीस-एकविसाव्या वर्षी जर्मनीहून, स्पेनहून, घानाहून येऊन शिष्यवृत्तीवर खेळणारी ही मुलं तिथल्या अठरा वर्षांच्या पोरांपेक्षा पक्की दिसणारच. शिष्यवृत्त्या तरी किती? वर्षानुवर्षं पहिल्या विभागातल्या पुरुष संघाला मिळून ९.९. त्या पंचवीस-तीस जणांत तुकडे करून वाटायच्या. म्हणून प्रशिक्षकही तयार मालच आणतो. ड्राफ्टच्या वेळी तो मुलगा चोवीस वर्षांचा असतो आणि ग्रीन कार्ड नसतं. एखादा संघ म्हणतो, खेळाडू आवडला, पण याच्यासाठी परदेशी जागा नाही खर्चायची. त्याच गुणांचा ओहायोत जन्मलेला मुलगा त्याच्या वीस क्रमांक आधी जातो. ग्रेसलसारख्याला तरीही आठव्या क्रमांकावर घेणाऱ्या अटलांटाचं म्हणून कौतुक करायचं.

पैशाचं गणितही याच वहीत. २०२४ मध्ये तरुण राखीव खेळाडूचा किमान पगार वर्षाला ७१,४०१ डॉलर होता. दोन दशकांपूर्वी विकास करारावरच्या मुलाला वर्षाला बारा हजारांच्या आसपास डॉलर मिळायचे आणि तो दोन-तीन सहकाऱ्यांबरोबर खोली करून राहायचा. ख्रिस वंडोलोवस्कीने त्या काळाचा पुरेपूर अनुभव घेतला. दुसऱ्या विभागातल्या चिको स्टेटचा हा खेळाडू २००५ च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडला गेला, चार-पाच वर्षं राखीव संघातच घासत राहिला आणि २०१० मध्ये अचानक लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा झाला. निवृत्त झाला तेव्हा नावावर १७१ गोल होते, लीगच्या इतिहासात सर्वाधिक. त्याला कुणी हेरलं होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. त्याला कुणी हाकललं नाही, हे खरं.

आपल्याकडेही हा प्रयोग होऊन गेलाय. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा भारतीय खेळाडूंची वाटणी मुंबईत ड्राफ्टनेच झाली होती. २०१७ मध्ये मुंबईतच पुन्हा ड्राफ्ट भरला आणि नव्या जमशेदपूर संघाने पहिला हक्क वापरून केरळचा बचावपटू अनस एडाथोडिका १ कोटी १० लाखांना घेतला. पण ते सगळे आधीच नावारूपाला आलेले व्यावसायिक खेळाडू होते. विद्यापीठातून थेट कुणी त्या यादीत येत नव्हतं. एके काळी रोहिंटन बारिया करंडकातल्या विद्यापीठ क्रिकेटमधून वाडेकर, गावसकर पुढे आले, हे फुटबॉलला कधी जमलं नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार भिडतात तेव्हा गच्च गर्दीसमोर एकवीस-बावीस वर्षांची पोरं असा खेळ करतात की पाहणाऱ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारावा. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव लहानपणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तो वेळेत हेरला गेला. ज्याचं अंग विसाव्या वर्षी भरलं त्याच्यासाठी तालमीच्या संघापलीकडे वाट फारच अरुंद.

अमेरिकेत तरी ही वाट रुंद होतेय का? दोन्ही बाजूंनी सांगता येईल. २०२४ च्या ड्राफ्टपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही निवडता येतं. हक्क राखून ठेवायचा आणि मुलाला कॉलेजात खेळू द्यायचं. स्काउटला आता एकविसाव्याऐवजी एकोणिसाव्या वर्षीचा मुलगा पाहून पैज लावावी लागते, पण पैज हरल्याचा खर्चही कमी. महिलांच्या एनडब्ल्यूएसएल लीगने तर ऑगस्ट २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी करार करून ड्राफ्टच मोडीत काढला; अमेरिकेतल्या मोठ्या लीगपैकी हे करणारी ती पहिली. आता कॉलेजातून बाहेर पडणारी मुलगी कुठल्या गावात राहायचं ते स्वतः ठरवते, आणि संघांना तिचं मन वळवावं लागतं. मला हे न्याय्य वाटतं. ड्राफ्टमध्ये खेळाडूचं मूल्यमापन सगळे करतात, संघाचं मूल्यमापन करायची मुभा खेळाडूला नसते. पुरुषांच्या लीगमध्ये मात्र ड्राफ्ट टिकून आहे, काहीसा हडकलेला. व्यासपीठ, मफलर, टाळ्या गेल्या. आता सगळं संगणकाच्या पडद्यावर उरकतं. तिसऱ्या फेरीत तर कितीतरी संघ नाव न घेताच आपली पाळी सोडून देतात.

पाळी सोडणाऱ्या संघांचं म्हणणं खोटं नाही. खालच्या फेऱ्यांतले शंभरातले नव्वद जण लीगमध्ये एक मिनिटही खेळत नसतील, तर शिबिराचा खर्च कशाला? पण फिलाडेल्फिया युनियनचं उदाहरण त्यांच्यासमोर ठेवावंसं वाटतं. २०१४ मध्ये या संघाने कनेटिकट विद्यापीठाचा जमैकन गोलकीपर आंद्रे ब्लेक पहिल्या क्रमांकावर घेतला. पहिल्या क्रमांकावर गोलकीपर निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि पहिली दोन वर्षं तो बहुतेक बाकावरच बसून होता. पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम गोलकीपर झाला. याच संघाने २०१७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा, लंडनहून आलेला उंच, शांत बचावपटू जॅक एलियट घेतला, चौथ्या फेरीत, ७७ व्या क्रमांकावर. त्याच वर्षी तो मुख्य संघात खेळायला लागला.

५ नोव्हेंबर २०२२ ला लॉस एंजेलिसमध्ये लीगचा अंतिम सामना झाला तेव्हा फिलाडेल्फियाच्या गोलपोस्टमध्ये ब्लेक होता. ८५ व्या मिनिटाला बरोबरी साधणारा गोल एलियटचा. जादा वेळेच्याही जादा वेळेत, १२४ व्या मिनिटाला, संघाला ३-२ असं पुढे नेणारा गोलही एलियटचाच. त्यानंतर लॉस एंजेलिसकडून गॅरेथ बेलने डोक्याने बरोबरी साधली आणि सामना पेनल्टींवर गेला. लॉस एंजेलिसचा मुख्य गोलकीपर पाय मोडून, वर लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला होता. त्याच्या जागी आलेला जॉन मॅकार्थी मूळचा फिलाडेल्फियाचा, तिथल्याच ला साल विद्यापीठात शिकलेला आणि काही वर्षं युनियनकडूनच खेळून गेलेला. त्याने दोन पेनल्टी अडवल्या आणि सामनावीर ठरला. युनियन हरलं. एलियट ज्या फेरीत निवडला गेला ती चौथी फेरी लीगने त्याआधीच, २०२१ पासून, रद्द केली होती.